पूर्वेस : झाडे

खरेदीखत करायला आलेल्या माणसाला मी एक जादा प्रश्न विचारते, आणि त्यावरून डहाणूच्या कचेरीसमोर माझी भरपूर चेष्टा होते. घराला लागून झाड असेल तर मी विचारते, "त्या झाडाखाली कोण झाडतं?" लोक एकमेकांकडे बघतात. एजंट म्हणतात, दक्षाबेनचं आता वय झालं. झाडाखाली कोण झाडतं हे कुठल्या कायद्यात बसतं, असं एका वकिलाने मला तोंडावर विचारलं. कुठल्याच कायद्यात बसत नाही. पण हा प्रश्न मी सुदाम वायरमनच्या वेळी विचारला असता, तर त्याचं घर घर राहिलं असतं.

माझं टेबल कचेरीसमोरच्या पत्र्याखाली आहे. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि लोकांना ताटकळायला एक बाक. मी इथल्याच मसोलीची. घरात आम्ही गुजराती बोलतो, टेबलावर मराठी, आणि भांडायचं असलं की हिंदी. बावीस वर्षं मी लोकांची घरंदारं टाइप करते आहे. खरेदीखतात चतुःसीमा नावाचा एक भाग असतो, पूर्वेला काय, पश्चिमेला काय, दक्षिणेला काय, उत्तरेला काय. चार ओळी. त्या कोणी वाचत नाही, म्हणून मीही त्या कधी मन लावून लिहिल्या नाहीत.

सुदामच्या खताच्या दिवशी जेवायची वेळ झाली होती. पश्चिमेला रस्ता, उत्तरेला शाळेची भिंत, दक्षिणेला विकणाऱ्याच्याच चुलत्याचं घर, हे झालं. "पूर्वेला काय?" मी विचारलं. विकणारा संदीप बोईसरला राहायला गेलेला होता आणि कंपनीतून अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून आलेला. तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "झाडं आहेत." मी टाइप केलं, 'पूर्वेस : झाडे'. कोणाची झाडं, कोणाच्या जमिनीत, यातलं मी काही विचारलं नाही. विकत घेणारा सुदाम तर उलट खूश झाला. "झाडं आहेत ते बरं आहे," तो म्हणाला. "पुतळीला सावली पाहिजे होती."

पुतळी म्हणजे बायको असणार आणि बाहेर उभी असणार, असं मी धरून चालले. म्हटलं, बोलवा त्यांना आत, उन्हात कशाला उभं केलंय. तो म्हणाला, "ती गेली. मार्चमध्ये."  मी प्रिंट काढली.

सुदामने चौतीस वर्षं वायरमनची नोकरी केली. मूळ गाव जव्हारकडे. भावांनी जमीन वाटून घेतली तेव्हा आपण कुठल्या तरी पोलावर होतो आणि खाली उतरेपर्यंत वाटणी होऊन गेली होती, असं तो स्वतःच सांगायचा. मग तलासरी, उधवा, कासा, परत तलासरी, जिथे बदली तिथे क्वार्टर, नाहीतर भाड्याची खोली. पुतळीने दर खोलीच्या दारात तुळस लावली आणि दर वेळी ती तिथेच ठेवून पुढे गेली. रिटायर झालो की आपलं घर घेऊ, दाराशी झाड असलेलं, असं तो तिला सांगत राहिला. रिटायर व्हायला तीन महिने राहिले असताना ती तापाने गेली. घर तरीही घेतलं. शब्द दिला होता, म्हणाला.

हा माणूस चालायचा तो वर बघून. बोलायचा तेही समोरच्याच्या डोक्यावर हातभर नजर ठेवून. पहिल्यांदा माझ्या बाकावर बसला तेव्हा मला वाटलं पत्रा गळतोय की काय, तर तो पत्र्यावरून गेलेली वायर बघत होता. रिटायर झाल्यावरही पँटच्या मागच्या खिशात पक्कड असायची. पावसाळ्याआधी लाइनवर आलेल्या फांद्या तोडायच्या, हे काम त्याने इतकी वर्षं केलं होतं की झाड दिसलं की आधी त्याला तोडायची फांदी दिसायची. झाडाचा मालक खालून शिव्या द्यायचा आणि हा वरून म्हणायचा, "झाड तुझं असेल, लाइन सगळ्यांची आहे." झाड कोणाचं हे त्याला कधी विचारावंच लागलं नाही. विचारायचं ते एवढंच, की पोल कोणाचा. वायरमन लोकांत 'आपला पोल' म्हणजे माझ्या हद्दीतला, फॉल्ट झाला तर माझ्या डोक्यावर येणारा. 'आपला नाय तो' म्हटलं की सुटका. 'आपला' हा शब्द सुदामने चौतीस वर्षं असा वापरला. त्याला कशाला नावं ठेवू, डहाणूच्या बाजारात आम्हीही तसाच वापरतो. आपल्याला नाय जमणार, म्हणजे मला जमणार नाही.

घर विवळवेढ्याच्या पुढे, हायवे सोडून आत. दोन खोल्या, कौलं, मातीचा ओटा, मागे मोरी. ओट्यावर बसलं की महालक्ष्मीचा डोंगर दिसतो. पूर्वेला कुंपण नसलेली जमिनीची एक पट्टी, तीत दोन जांभळी आणि एक जुना मोह. मोहाची एक फांदी छपरावर आलेली. पट्टीच्या खाली ओहळ आणि ओहळापलीकडे वारल्यांचा पाडा. मुलगी रोशनी सुरतेहून एक दिवस येऊन गेली. "बाबा, इथे तुमचं कोण आहे?" असं तिने विचारलं. त्यावर सुदाम तिला म्हणाला की पाणी चांगलं आहे.

दिवाळी ते होळी या दिवसांत त्याच्या दारात बाहेरचा माणूस आला तो एकच, मीटरचं रीडिंग घेणारा. त्याला सुदामने अर्धा तास धरून ठेवलं. शेवटी तो बिचारा मोटरसायकल चालू करून बोलत होता. उरलेल्या दिवशी सुदाम कासाला जायचा, बाजारात एक फेरी मारायचा, दोन वांगी घ्यायचा आणि जीपने परत यायचा. कधी कधी थेट डहाणूला, माझ्या बाकावर. काही काम नसायचं. खताची फोटोकॉपी पुसट आलीय का बघा, असं काही तरी घेऊन यायचा. मला कामं असायची. मी त्याला चहा सांगायचे आणि कीबोर्ड बडवत राहायचे. माझ्या वागण्याची मला आता लाज वाटते, म्हणून लिहिते आहे.

मार्चमध्ये एके पहाटे झाडण्याच्या आवाजाने त्याला जाग आली. पुतळी जाऊन वर्ष होत आलं होतं. अर्धवट झोपेत त्याला वाटलं, तीच अंगण झाडते आहे. हे मला सांगताना तो माझ्या डोक्यावरच्या वायरीकडे बघत होता आणि मी पहिल्यांदाच टायपिंग थांबवलं. तो बाहेर आला तर मोहाखाली एक म्हातारी वाकून पाला एका बाजूला लोटत होती. जमीन तिने अशी स्वच्छ केली होती की पान मांडून जेवावं. फुलं गळायला लागली होती, टपटप आवाज येत होता.

"कोण गं तू?" सुदामने विचारलं.

"सोनी," ती म्हणाली आणि ओहळापलीकडे हात केला. पाड्यावरची सोनीबाई.

"इथे काय करतेस?"

"फुलां येचाया आली."

"विचारलंस कोणाला?"

तिला प्रश्न कळला नाही. ती कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत राहिली. "कोनाला इचाराचा? आपला झाड हाय."

सुदामला ते लागलं. आयुष्यभर दुसऱ्याच्या खोल्यांत काढून एक घर घेतलं, आणि तिथल्या पहिल्या माणसाने पहिली गोष्ट काय सांगितली, तर झाड माझं आहे. पण पहाटेची वेळ होती, म्हातारी पायात काही न घालता आली होती, आणि चार महिन्यांत त्याच्याशी कोणी धड बोललं नव्हतं. त्याने चहा ठेवला. दोन कप.

ती बावीस दिवस आली. त्याने मोजले होते. पहाटे झाडायची, टोपली भरून फुलं वेचायची, ऊन वर आलं की ओट्यावर टेकून चहा घ्यायची. त्याला वायरमन म्हणायची. उशिरा उठला तर खराट्याचं टोक दारावर आपटायची. एकदा उकडलेली फुलं पानात बांधून आणली आणि तो खाईपर्यंत समोर बसून राहिली. पुतळीबद्दल तिने विचारलं, काय झालं होतं, कुठे जाळली, पोरगी रडली का. असं सरळ कोणी विचारलं नव्हतं, सुदाम मला म्हणाला. लोक फक्त वाईट झालं म्हणतात. जूनमध्ये ती पुन्हा आली, मोहाचे दोडे, म्हणजे फळं, गोळा करायला. बियांचं तेल काढतात. एक बाटली त्याच्या ओट्यावर ठेवून गेली.

तरी 'आपला झाड' हे दोन शब्द त्याच्या डोक्यात राहिले होतेच.

जुलैत वारा-पाऊस झाला आणि छपरावरची ती फांदी मोडून खाली आली. कौलं फुटली, आत पाणी, गादी भिजली. चौतीस वर्षं फांद्या तोडलेल्या माणसाने स्वतःच्या छपरावरची फांदी तोडली नव्हती, कारण झाड कोणाचं ते त्याला माहीत नव्हतं. आता तो विचारायला निघाला. संदीप फोनवर म्हणाला, "मी घर विकलं. झाडं माझी नव्हतीच, विकीन कशी?" पंचायतीत सांगितलं, गावठाणात येतं की बाहेर ते बघावं लागेल. फॉरेस्टच्या गार्डने सांगितलं, जंगलाचं नाही, मालकीचं आहे, मालक शोधा. सगळ्यांनी त्याचं खरेदीखत मागितलं आणि सगळ्यांनी तीच ओळ वाचली. एका ठिकाणी तर हसले, हे कोणी लिहिलंय म्हणून. सुदामने माझं नाव सांगितलं नाही. भिजलेलं खत प्लास्टिकच्या पिशवीत घालून तो माझ्याकडे आला आणि हळू आवाजात म्हणाला, "दक्षाबेन, कोणाची झाडं?"

मी चिडले. माझीच चूक होती, म्हणून जास्त चिडले. म्हटलं, तुम्ही घर बघून घेतलंत ना? मला काय विचारता?

तो घरी गेला आणि ओहळाच्या काठी उभा राहून त्याने सोनीबाईला हाक मारली. "तुझ्या झाडाने माझं छप्पर मोडलं," तो म्हणाला.  दुसऱ्या दिवशी पाऊस थांबल्यावर ती आणि तिचा मुलगा तुक्या ओहळ उतरून आले. दोघांच्या डोक्यावर जुनी कौलं होती. तुक्या वर चढला, सुदामने शिडी धरली, सोनीबाई खालून एकेक कौल देत राहिली. चौदा कौलं बसली. पाणी थांबलं. सुदामने जेवून जा म्हटलं तर म्हणाले, भाताच्या आवणीचे दिवस आहेत.

आता खरं सांगायचं तर इथे कोणालाही कळायला पाहिजे होतं. सुदामला कळलं ते उलटं. तो माझ्याकडे येऊन म्हणाला, "बघा, भरपाई दिली. म्हणजे कबूल झालं. झाड तिचंच आहे." आणि मलाही ते पटलं. मी बावीस वर्षं कागदाचा धंदा करते, माझ्या डोक्यात दुसरं येणार काय?

मग त्याला भीती बसली. चारोटी नाक्यावर चहा पिताना कोणी तरी त्याला सांगितलं, झाड आदिवासीचं तर जमीनही आदिवासीची निघेल, आणि मग घरसुद्धा खाली करावं लागेल. सांगणाऱ्याने चहा संपवला आणि तो आपल्या वाटेने गेला. सुदाम मात्र झोपेना. त्याच्याकडे या एका घराशिवाय काही नव्हतं, आणि ते घर पुतळीला दिलेल्या शब्दासाठी घेतलेलं. ते गेलं असतं तर तो पुन्हा कुठल्या भाड्याच्या खोलीत जाणार होता, तेही एकटा?

पट्टी कोणाची हे ठरवून घ्यायला मोजणीचा अर्ज मीच लिहिला. "ती काय म्हणते, नीट सांगा," मी विचारलं. "ती म्हणते आपला झाड हाय," तो म्हणाला. मी टाइप केलं, 'सदर झाडावर पाड्यावरील श्रीमती सोनीबाई या मालकी सांगत असून अर्जदारास उपद्रव होत आहे.' उपद्रव हा शब्द माझा. असे अर्ज असेच लिहितात. सुदामने वाचून सही केली. पक्कड टोचत होती म्हणून खिशातून काढून माझ्या टेबलावर ठेवली होती, ती विसरून गेला आणि दुसऱ्या दिवशी न्यायला परत आला.

मोजणी जानेवारीत झाली. मी तिथे नव्हते, पण सुदामने सगळं सांगितलं. सोनीबाईला नोटीस गेली होती. पाड्यावर सरकारी कागद आला की घरात कोणी जेवत नाही. ती तुक्याला घेऊन आली आणि पट्टीच्या कडेला, ओहळाच्या बाजूला उभी राहिली. ओट्याकडे आली नाही. मोजणीवाल्या साहेबांनी जुना नकाशा लावला, खुणा केल्या आणि सांगितलं, पट्टी घराच्या हद्दीतच आहे, ओहळापर्यंत. झाडं घरमालकाची. मग त्यांनी अर्ज मोठ्याने वाचून दाखवला आणि सोनीबाईला विचारलं, "तुमची काही हरकत?"

"नाय," ती म्हणाली. "झाड त्यांचा हाय." आणि अंगठा दिला.

सुदाम त्या दिवशी पेढे घेऊन डहाणूला आला. खूप दिवसांनी त्याने दाढी केली होती. सगळं स्वच्छ झालं, म्हणाला. मीही पेढा खाल्ला.

मार्च आला. मोहाची पानं गळाली, फुलं पडायला लागली. सुदामने पहाटे चहा ठेवला, दोन कप काढले. झाडण्याचा आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. बाई आजारी असेल, त्याने ठरवलं. फुलं पाल्यात पडून राहिली, त्यांना आंबूस वास सुटला, माश्या बसू लागल्या. आठव्या दिवशी तो ओहळ उतरून पाड्यावर गेला. घर घेतल्यापासून तो पाड्यावर कधी गेला नव्हता. ती यायची, तो जायचा नाही.

सोनीबाई दारात तांदूळ पाखडत होती. चांगली होती, तब्येतीला काही झालं नव्हतं. तिच्या घराला लागून बैलांचा गोठा होता आणि त्याच्या छपरावर मधोमध निळं प्लास्टिक दगड ठेवून दाबलेलं होतं. बाकी सगळं कौलारू. सुदाम आयुष्यभर वर बघत आलेला माणूस, त्याला ते आधी दिसलं. त्याने उघडी जागा मोजली. चौदा कौलांची होती.

"फुलं पडलीत," तो म्हणाला. "वेचायला का आली नाहीस?"

"तुमचा झाड हाय." तिने सूप हलवणं थांबवलं नाही. "आता आलू त चोरी व्हल."

"चोरी कसली? तूच तर म्हणायचीस, आपला झाड."

"हा. बोललू." आता ती थांबली. "आपला. तुमचा न् माजा. तुमी एकलं रहतांव, न् झाड का एकल्याचा आसतं? म्हून बोललू. तुमी कागदात माला खोटी केली. साहेबानी समद्यांसमोर वाचली."

 ती सूप घेऊन आत गेली. तुक्याने बाहेर येऊन त्याला पाणी दिलं. ते पिऊन तो परत आला.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडायच्या आधी तो माझ्या बाकावर होता. "दक्षाबेन," त्याने विचारलं, "'आपला' म्हणजे काय हो?"

मी हसले. म्हटलं, सकाळी सकाळी काय? मग त्याने पाड्यावरचं सांगितलं आणि माझे हात कीबोर्डवर तसेच राहिले. माझ्या आईच्या तोंडी दिवसभर 'आपणुं' असायचं. आपणुं घर, आपणी गाय. शेजारीण बसलेली असली तरी आपणुं. माझं एकटीचं असं तिला म्हणायचंच नसायचं, तिथे बसलेल्या सगळ्यांचं. 'अमारुं' म्हटलं की समोरच्याला बाहेर काढलं. हे मला दुधाबरोबर मिळालेलं होतं. मराठीतही तेच आहे, आमचं म्हणजे तुमचं सोडून आणि आपलं म्हणजे तुम्ही धरून. सोनीबाईने पहिल्याच दिवशी सुदामला धरलं होतं. त्याने ऐकलं वायरमनचं 'आपला' आणि मी ते 'मालकी' म्हणून टाइप केलं.

"मग आता कागद करा," सुदाम म्हणाला. "झाड आपलं आहे असा."

तसा कागद नसतो. मी त्याला सांगितलं, कागदाला एक तरी मालक लागतो, फार तर 'सामाईक' लिहिता येतं. तो म्हणाला, सामाईक लिहा. मी संमतीपत्र केलं, या वेळी जेवायची वेळ टळली तरी उठले नाही. एकेक शब्द त्याला वाचून दाखवला. उपद्रव वगैरे काही नाही. छपाईचं काही घेतलं नाही. तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून तो पाड्यावर गेला. सोनीबाईने पिशवीला हातही लावला नाही. "कागद नको," ती म्हणाली. "एका कागदानं झालां तेवढां पुरां." ती रागावलेली नव्हती, असं तो म्हणाला. रागावली असती तर बरं झालं असतं.

त्याने बाजारातून चौदा नवी कौलं आणली आणि ओहळापलीकडे नेऊन ठेवली. ती तुक्याने घेतली, गोठ्यावर बसवली, आणि पाड्यावरून जमवलेली तेवढीच जुनी, धुतलेली, सुदामच्या ओट्याशी आणून रचली. हिशोब संपवल्यासारखं. सुदाम त्या कौलांबद्दल मला सांगायचा. अजून तिथेच आहेत.

या वर्षी चैत्रात मी महालक्ष्मीच्या जत्रेला गेले. परत येताना जीपवाल्याला आत वळायला सांगितलं. इतक्या वर्षांत मी ते घर पाहिलं नव्हतं, नुसतं टाइप केलं होतं. सुदाम मोहाखाली होता. खराटा हातात, पाला एका बाजूला लोटलेला, जमीन लख्ख. फुलं तो स्वतः वेचतो, ओट्यावर वाळवतो, आणि टोपली ओहळाच्या अलीकडच्या दगडावर ठेवतो. टोपली दुसऱ्या दिवशी तशीच असते. शेवटी गुरं खातात, म्हणाला. मला बसायला खुर्ची दिली आणि चहा ठेवायला आत गेला. फडताळात दोन कप होते, एक धूळ बसलेला. त्याने तो घासून घेतला.

चहा होतो आहे तेवढ्यात मोटरसायकलवरून नवा वायरमन आला. दिपक नाव, चाळिशीचा, सुदामला ओळखणारा. "काका, ही फांदी लाइनवर येतेय," तो म्हणाला. "पावसाआधी तोडायला लागेल. झाड कोणाचं?"

"आपलं," सुदाम म्हणाला.

"तुमचं ना? मग सही करा इथे, आता मालकाची सही घ्यावी लागते."

"माझं नाही. आपलं."

दिपक हसला. "तेच की हो काका." त्याने फॉर्म पुढे केला.

सुदामने फॉर्म हातात घेतला, वर न बघता नीट वाचला. मालकाचे नाव, अशी एक ओळ होती. "इथे दोन सह्या लागतील," तो म्हणाला. "एक सही आणि एक अंगठा."

दिपकने माझ्याकडे बघितलं, घरात बघितलं. "दुसरं कोण आहे?"

मला सांगता आलं असतं. शब्द माझ्या तोंडात होते, सगळा प्रकार दोन वाक्यांत बसला असता. पण दुसऱ्याचं म्हणणं माझ्या शब्दांत बसवायचं काम मी दोनदा केलं होतं आणि दोन्ही वेळा वाटोळं केलं होतं. 

"पलीकडे राहते," सुदाम म्हणाला. "येईल. फुलं संपायच्या आत येईल."

झाडावर आता फार फुलं राहिली नव्हती, वर तांबूस पालवी आली होती. दिपकने थोडा वेळ वाट बघितली, मग फॉर्म ओट्याशी रचलेल्या त्या जुन्या कौलांखाली सरकवून ठेवला आणि नंतर येतो म्हणून गेला. मोटरसायकलचा आवाज रस्त्याला लागेपर्यंत सुदाम उभा होता. मग त्याने खराटा उचलला आणि मोहाखाली जाऊन पुन्हा झाडायला लागला. जमीन मघाशीच झाडून झालेली होती, तिच्यावर एक पानसुद्धा नव्हतं. तो झाडत राहिला, ओहळापलीकडे ऐकू जाईल एवढ्या जोराने.